पहिले महायुद्ध

पहिले महायुद्ध : (२८ जुलै १९१४ – ११ नोव्हेंबर १९१८). यूरोपातील दोन सत्तागटांत सुरू होऊन आशिया, आफ्रिका आणि महासागरांपर्यंत पसरलेले युद्ध. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन साम्राज्य (तुर्कस्तान) व बल्गेरिया यांना ‘मध्यवर्ती सत्ता’ म्हणत. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या ‘दोस्त राष्ट्रां’मध्ये ब्रिटन, फ्रान्स, रशिया, सर्बिया, बेल्जियम, जपान व इटली हे प्रमुख देश होते, १९१७ मध्ये अमेरिकाही त्यांच्या बाजूने उतरली. सु. साडेसहा कोटी सैनिक या युद्धात उतरवले गेले. त्यांपैकी ९० लाखांच्या आसपास मृत्युमुखी पडले. यूरोपीय सत्तांच्या वसाहती जगभर असल्यामुळे भारतासारख्या देशांची संमती न घेताच त्यांना युद्धात ओढले गेले.

पार्श्वभूमी : १८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव करून जर्मन साम्राज्य स्थापन झाले आणि फ्रान्सचे अल्सेस-लॉरेन हे प्रांत जर्मनीने घेतले. हा अपमान फ्रान्स विसरला नाही. फ्रान्सला एकटे पाडण्याच्या धोरणातून जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांचा त्रिराष्ट्र करार १८८२ मध्ये झाला. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सने १८९४ मध्ये रशियाशी लष्करी करार केला. जर्मनीने मोठे आरमार बांधायला घेतल्यावर ब्रिटनही सावध झाला आणि त्याने फ्रान्सशी (१९०४) व रशियाशी (१९०७) जुने तंटे मिटवले. अशा रीतीने यूरोपात दोन गट समोरासमोर उभे राहिले.

खरा स्फोटक प्रदेश होता तो बाल्कन. तेथील ऑटोमन सत्ता खिळखिळी झाली होती आणि तिची जागा घेण्यासाठी ऑस्ट्रिया व रशिया टपले होते. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बॉस्निया-हर्झेगोव्हिना आपल्या साम्राज्यास जोडला. तेथे मोठ्या संख्येने सर्ब लोक राहत असल्याने सर्बियात संताप उसळला. स्लाव्ह वंशीयांचा पाठीराखा म्हणून रशिया सर्बियाच्या बाजूने होता.

तात्कालिक कारण : २८ जून १९१४ रोजी बॉस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांची गाव्ह्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बॉस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. जर्मनीच्या पाठिंब्याची खात्री झाल्यावर ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. रशियाने सैन्याची जमवाजमव सुरू केली. म्हणून जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर केले. दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसताच ब्रिटन युद्धात उतरला. दोन देशांमधला तंटा करारांच्या साखळीमुळे आठवडाभरात सगळ्या यूरोपचा झाला. इटली मात्र सुरुवातीस तटस्थ राहिला व मे १९१५ मध्ये दोस्त राष्ट्रांना मिळाला.

युद्धाचा ओघ : दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढावे लागू नये म्हणून आधी फ्रान्सला झटपट हरवायचे व मग रशियाकडे वळायचे, अशी जर्मनीची योजना होती. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीच्या लढाईत ती फसली. त्यानंतर दोन्ही सैन्यांनी जमिनीत खंदक खोदले. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत पसरलेली ही पश्चिम आघाडी पुढील तीन वर्षे फारशी हलली नाही. मशिनगन व तोफांच्या माऱ्यापुढे चाल करून जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. १ जुलै १९१६ रोजी, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्याचे सु. १९ हजार सैनिक ठार झाले. त्याच वर्षी व्हर्दन येथे फ्रेंच व जर्मन सैन्ये सु. दहा महिने झुंजत होती.

ही कोंडी फोडण्यासाठी नवी शस्त्रे वापरली गेली. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मनीने क्लोरीन वायू सोडला. सप्टेंबर १९१६ मध्ये ब्रिटनने सॉमच्या रणांगणात प्रथमच रणगाडे आणले. टेहळणीसाठी वापरली जाणारी विमाने लढाऊ झाली. समुद्रावर ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली, तर जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला.

पूर्व आघाडीवर ऑगस्ट १९१४ मध्ये टॅननबर्ग येथे रशियाचा मोठा पराभव झाला. ऑटोमन साम्राज्याविरुद्ध गॅलिपोली (१९१५–१६) येथील दोस्तांची मोहीम फसली. इराक, पॅलेस्टाइन व पूर्व आफ्रिका येथेही लढाया झाल्या, तर जपानने चीनमधील जर्मनीचा त्सिंगताव तळ घेतला.

भारताचा सहभाग : तेरा लाखांच्या आसपास भारतीय सैनिक व कामगार युद्धकाळात भारताबाहेर पाठवले गेले, त्यांपैकी सु. ७४ हजार मरण पावले. फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत, इराक, इजिप्त, गॅलिपोली व पूर्व आफ्रिकेत ते लढले. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना खुदादाद खान यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हा सन्मान मिळालेले ते पहिले भारतीय सैनिक. इराकमध्ये गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुत येथे ही डिव्हिजन वेढ्यात सापडली आणि उपासमारीला तोंड देत सु. पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, तिला शरणागती पत्करावी लागली. युद्धाची झळ भारताच्या किनाऱ्यालाही लागली : सप्टेंबर १९१४ मध्ये ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासमधील तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या.

या मदतीच्या बदल्यात राजकीय हक्क मिळतील, अशी भारतीय नेत्यांची अपेक्षा होती. लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये होमरूल चळवळ सुरू केली. ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. परंतु युद्ध संपताच १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत हत्याकांड घडले. युद्धकाळातील निष्ठेचे असे फळ मिळाल्यामुळे राष्ट्रीय चळवळ अधिक तीव्र झाली.

शेवट : १९१७ मध्ये दोन घटनांनी युद्धाचे पारडे हलले. अनिर्बंध पाणबुडीयुद्धामुळे चिडलेल्या अमेरिकेने ६ एप्रिलला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसरीकडे क्रांती होऊन रशियात झारशाही कोसळली. नोव्हेंबरमध्ये सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह करून रशियाला युद्धाबाहेर काढले. अमेरिकेचे सैन्य पुरेशा संख्येने पोहोचण्यापूर्वी जिंकण्यासाठी जर्मनीने त्या वसंतात जोराचा हल्ला चढवला. पण तो थोपवला गेला आणि ऑगस्टपासून जर्मन सैन्य मागे हटत गेले. त्याचे मित्रही एकेक करून शरण गेले. ९ नोव्हेंबरला सम्राट दुसरा विल्यम पदच्युत झाला व ११ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील काँपियेन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सह्या झाल्या.

परिणाम : जर्मन, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन व रशियन ही चार साम्राज्ये लयास गेली. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, फिनलंड यांसारखी राष्ट्रे स्वतंत्र झाली. अरब प्रदेशांचा मोठा भाग मात्र ब्रिटन व फ्रान्सच्या अखत्यारीत गेला. १९१८ मध्ये सैन्याच्या हालचालींबरोबर इन्फ्ल्यूएंझाची साथ जगभर पसरली. एकट्या भारतात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

२८ जून १९१९ रोजी झालेल्या व्हर्सायच्या तहाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदारांवर टाकली. अल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत मिळाले, जर्मन सैन्य एक लाखापुरते मर्यादित केले गेले आणि जबर युद्धखंडणी लादली गेली. यातून जर्मनीत जो असंतोष साचला, त्याचा फायदा पुढे हिटलरने घेतला. भविष्यातील युद्धे टाळण्यासाठी १९२० मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला. पण अमेरिका त्यात सामील झाली नाही आणि संघाकडे स्वतःचे सैन्यही नव्हते. त्यामुळे आक्रमक राष्ट्रांना आवरणे त्याला जमले नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले.