औषध टाकूनही डासांच्या अळ्या मरत नाहीत? डोस नको, पद्धत बदला

वर्ध्यात पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात.

साठलेल्या पाण्यात अळ्या मारायला टेमिफॉस हे औषध वापरतात. पण काही अळ्यांच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) ते निकामी करतात. त्या वाचतात आणि त्यांचीच पिढी वाढते. ब्राझीलमध्ये हेच झालं.

मग काय करायचं?

बीटीआय: या जिवाणूची प्रथिनं अळीचं आतडं फोडतात. विषारी प्रथिनं अनेक असल्यानं प्रतिकार तयार होणं कठीण.

गप्पी मासे: हौद, टाक्यांतल्या अळ्या खातात. नदी-तलावात मात्र सोडू नका.

कोरडा दिवस: आठवड्यातून एकदा कूलर, रांजण, टाकी रिकामी करून आतून घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतणं पुरत नाही.

औषधानंतरही अळ्या दिसल्या तर आशाताईंना किंवा आरोग्यसेवकाला कळवा. औषधाला अळ्या सरावतात, घासणीला नाही.