दुष्काळातली वाकळ

आमच्या माण तालुक्यात गोधडीला वाकळ म्हणतात. राजांच्या लढाया पुस्तकात सापडतात. आमच्या घरचा इतिहास सापडला तो वाकळेत.

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. पाऊस नाही, विहिरीला तळ लागलेला. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. वडील मुंबईला कापडगिरणीत. त्यांची मनिऑर्डर आली की दुकानदाराची उधारी भागायची. १९७३ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांची धाकटी बहीण हगवणीनं गेली. दवाखाना बारा मैल लांब. दारात गाडी होती, पण बैल आधीच बाजारात गेले होते.

पुढं पाऊस झाला आणि आईनं वाकळ शिवायला घेतली. जमिनीवर जुनं लुगडं ताणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे तुकडे आणि वर दुसरं लुगडं. धावदोरा घालत ती कडेपासून आत आत यायची. विरलेल्या जागी चौकोनी ठिगळ, लाल काठाशेजारी निळा तुकडा. चिंध्याच, पण मांडणी तिची होती. मधोमध शेवटचा टाका घालायच्या आधी तिनं चपातीचा तुकडा आत ठेवला. म्हणाली, "वाकळंचं प्वाट रिकामं ठिवू नये."

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. वडील गावी आले, ते परत गेलेच नाहीत. त्यांचे गिरणीतले सदरे शेतात फाटले आणि त्याच वाकळेवर ठिगळं होऊन बसले.

काही वर्षांपूर्वी वाकळ पार उसवली. बायकोनं ती दुरुस्तीला सोडली, तर दोन लुगड्यांच्या मधी छोटा झगा निघाला. पिवळा, बारीक फुलांचा. मी आईपुढं धरला. म्हातारीनं हातात घेतला आणि बराच वेळ नुसता चाचपत बसली.

"वर लावला आस्ता तर रोज नदरंला पडला आस्ता," ती म्हणाली. "टाकवंना बी. म्हणून आत ठिवला."

चाळीस वर्षं मी ते पांघरलं होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

आता घरात सगळ्या साड्या पॉलिस्टरच्या. त्यांची वाकळ घसरते, घाम पीत नाही. शेवटी आईच्या पेटीत तळाला इचलकरंजीचं एक सुती लुगडं निघालं. बायकोनं झगा होता तिथंच ठेवला, वरून ते लुगडं घातलं. सुईत दोरा मी ओवून दिला. मधोमध आली तेव्हा आईनं विचारलं, "चपाती घातली का गं?"