टर्बो गाडीचा लाँच कसा सुधारतो? ड्रॅग शर्यतीतल्या पहिल्या ६० फुटांचे गणित

ड्रॅग शर्यत म्हणजे थांबलेल्या गाडीने सुटून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापणे. हे अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. सुटण्याच्या क्षणाला ‘लाँच’ म्हणतात. रोजच्या वापरातली टर्बो गाडी पट्टीवर मागे पडते, ती बहुतेक वेळा इथेच.

केडगाव, दौंड, शिरूर भागात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सेकंदांवर मोजली जाते. जोडी सुटतानाच अडखळली, तर पुढे कितीही पळाली तरी गेलेला वेळ भरून निघत नाही. गाडीचेही तसेच आहे.

वेळ कशी मोजतात?

सुरुवातीच्या रेषेवर दोन प्रकाशकिरण असतात. पुढचे चाक पहिल्या किरणात आले की ‘प्री-स्टेज’चा दिवा लागतो, दुसऱ्यात आले की ‘स्टेज’चा. मग पिवळे दिवे लागतात आणि शेवटी हिरवा.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिक्रिया वेळ, आणि तो वेगळा मोजतात. धावेचे घड्याळ चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते. त्यामुळे दिव्याला उशिरा प्रतिसाद दिला तर समोरच्याशी शर्यत हरता येते, पण गाडीची धाव-वेळ बिघडत नाही.

लाँच चांगला झाला की नाही, हे पहिल्या ६० फुटांच्या वेळेवरून कळते. ढोबळ नियम असा, की इथे वाचलेला ०.१ सेकंद शेवटच्या रेषेवर ०.१५ ते ०.२ सेकंद वाचवतो. कारण सुरुवातीला मिळालेला जादा वेग पुढच्या सगळ्या अंतरात गाडीसोबत राहतो.

ताकद भरपूर, पकड अपुरी

पुणे जिल्ह्यातच, चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. तिचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. इंजिनाचा जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो.

अशा गाडीचे वजन चालकासह १,३०० किलो धरू. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क साधारण १४ पट होतो असे मानले, तर चाकांवर सुमारे ३,५०० न्यूटन-मीटर पोहोचतात. टायरच्या कडेला हा जोर जवळपास १,१५० किलोच्या ओढीइतका होतो.

आता पकड पाहू. उभ्या गाडीचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. गाडी जोरात सुटली की भार मागे सरकतो आणि पुढे निम्माच उरतो, म्हणजे ६५० किलो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर यातून फार तर ५८० ते ६०० किलोची ओढ मिळते. म्हणजे इंजिन जितके देऊ शकते, त्याच्या जेमतेम निम्मेच टायर पेलू शकतात. बाकीचा जोर चाके जागेवर फिरवण्यात आणि रबर जाळण्यात जातो. रीलमध्ये धूर छान दिसतो, पण घड्याळात तो तोटाच असतो.

टायरची सर्वात जास्त पकड तो अजिबात घसरत नसताना मिळत नाही. चाकाचा वेग रस्त्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त असतो तेव्हा ती मिळते. त्यापलीकडे गेले की पकड झपाट्याने कमी होते.

टर्बोची खास अडचण

टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. वायू कमी असेल तर हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, तयार होत नाही. व्हर्टसच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १,६०० ते ३,५०० आरपीएमदरम्यान मिळतो. कमी आरपीएमवर क्लच सोडला तर गाडी क्षणभर मरगळते, मग बूस्ट एकदम येतो आणि चाके फिरू लागतात.

न्यूट्रलमध्ये नुसता ॲक्सिलरेटर दाबूनही काम होत नाही. इंजिनावर भार नसेल तर आरपीएम वाढतो, बूस्ट फारसा वाढत नाही. भार येतो तो क्लच धरू लागल्यावर. म्हणून टर्बो गाडीत क्लच सोडण्याचे ते एक-दोन सेकंदच निर्णायक ठरतात.

लाँच सुधारण्याच्या पायऱ्या (मॅन्युअल गाडी)

१. टायर स्वच्छ ठेवा. पट्टीवरच्या पाण्याच्या जागेतून गाडी नेऊ नका. नक्षीच्या टायरमध्ये पाणी अडकते आणि ते थेट सुरुवातीच्या रेषेवर सांडते.

२. पुढच्या टायरमधील हवा दोन-तीन पीएसआय कमी करून फरक पाहा. परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा ठरलेल्या दाबावर आणा.

३. ‘स्टेज’चा दिवा लागताच थांबा, पुढे सरकू नका. घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला काही इंच धावायला मिळते.

४. सुरुवात २,५०० आरपीएमच्या आसपास करा. क्लच झटक्यात सोडू नका. तो धरू लागतो तिथपर्यंत लवकर आणा, तिथे क्षणभर घसरू द्या, मग पूर्ण सोडा.

५. ॲक्सिलरेटर टप्प्याटप्प्याने दाबा. चाके फिरू लागली तर पाय पूर्ण काढू नका, नाहीतर बूस्ट पडतो. थोडा सैल करा.

६. प्रत्येक धावेनंतर आरपीएम, टायरचा दाब आणि ६० फुटांची वेळ लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आरपीएम असेल तर २०० ते ३०० नेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाचा झाला हे कळत नाही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर?

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ब्रेक दाबून थोडा ॲक्सिलरेटर दिला की बूस्ट तयार होतो. हे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त करू नये, गिअरबॉक्सचे तेल तापते. कोरड्या क्लचच्या डीएसजीमध्ये तर ही युक्ती टाळलेलीच बरी. तिथे क्लच तापून झिजतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

उन्हाळ्यात गाडी मंद का होते?

४० अंश तापमानात हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. शिवाय एकामागून एक धावा काढल्या की इंटरकूलर तापतो. गरम हवेमुळे इंजिनात ठोका येऊ नये म्हणून संगणक स्वतःच ताकद कमी करतो. म्हणून दोन धावांमध्ये गाडीला थंड होऊ द्यावे आणि शक्यतो सकाळी लवकर धावावे.

सराव कुठे करायचा?

केडगाव-चौफुल्यावरून जाणारा सोलापूर महामार्ग सरळ दिसतो, पण तो पट्टी नव्हे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच भागातून ये-जा करतात. रस्त्यावर ऊस आणि माती सांडलेली असते, पकड दर शंभर मीटरला बदलते. अचानक कोणी आडवे आले तर थांबायला जागा नसते.

कायदाही स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास कैद १ वर्षापर्यंत आणि दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

अधिकृत शर्यतींसाठी देशात एफएमएससीआय ही मोटार क्रीडा महासंघटना परवाने देते. पुणे जिल्ह्यातच लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत झाली आहे. अशा ठिकाणी घड्याळ अचूक असते, वाहन तपासले जाते, हेल्मेट बंधनकारक असते आणि रुग्णवाहिका हजर असते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. अधिकृत पट्टीवर गाडीचे नुकसान झाले तरी त्याची भरपाई मिळत नाही.

थोडक्यात

- लाँच ताकदीवर नव्हे, टायरच्या पकडीवर ठरतो.
- टर्बो गाडीत क्लच घसरत असतानाच बूस्ट तयार होतो.
- ६० फुटांची वेळ पाहा आणि एका वेळी एकच बदल करा.
- सराव फक्त अधिकृत पट्टीवर करा.