शैलीस साजेसें विद्यालय

वास्तुकलेची पहिली पदवी पदरांत पडलेला तरुण पुढील शिक्षणासाठीं परदेशीं जावयास निघाला, म्हणजे घरांत एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : मुलाच्या रचनाशैलीस मानवेल असें विद्यालय कोणतें? घरची पुंजी आणि मुलाच्या उमेदीचीं दोन वर्षें पणास लागलेलीं असतात, तेव्हां हा प्रश्न क्षुल्लक कोण म्हणेल? परंतु चोविसाव्या वर्षींच मुलाची शैली कायमची ठरून गेली आहे, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. इतिहासाचा कौल याविषयीं काय आहे हें पाहूं लागलों, तर अमेरिकेंतील १९३२ ते १९५० हा काळ आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो; कारण तेव्हां तेथें तीन अगदीं भिन्न मठ एकाच वेळीं नांदूं लागले होते.

१९३२ सालीं फ्रँक लॉइड राइट यानें विस्कॉन्सिनमध्यें टॅलिएसिन या आपल्या राहत्या ठिकाणीं शिष्यशाळा काढली. तेथें पदवी नव्हती. शिष्यानें शेतांत खपावें, स्वयंपाकघरांत राबावें, दगड वाहावे, भिंती रचाव्या आणि गुरूचे नकाशे काढावे. आपल्याकडील जुन्या गुरुकुलाची आठवण व्हावी असा हा थाट. पण त्या वटवृक्षाच्या छायेंत दुसरें झाड फारसें वाढलें नाहीं, असें आमचें मत आहे. शिकागोस १९३८ पासून मीस व्हान डर रोहे याचा अंमल होता. त्याचा क्रम ठरलेला : आधीं रेघ, मग लांकूड, वीट व दगड, आणि मग पोलाद व काँक्रीट. तिसरा मठ हार्वर्डचा. बाउहाउसचा संस्थापक वॉल्टर ग्रोपियस हा जर्मनी सोडून इंग्लंडमार्गें १९३७ सालीं तेथें दाखल झाला होता.

या हार्वर्डची खरी ओळख त्याच्या शिष्यांवरून होते. चीनमधून आलेला आय. एम. पेई हा १९३५ सालीं प्रथम पेन्सिल्व्हानियाच्या विद्यापीठांत गेला. तेथें पॅरिसच्या जुन्या वळणाच्या सुबक चित्रलेखनाचें माहात्म्य होतें. हें आपल्यास साधणार नाहीं असें वाटून तो लवकरच तेथून निघाला आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत १९४० सालीं पदवीधर झाला. तेव्हां विजोड शाळेचा कांच खोटा नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे. पण हार्वर्डला पोहोंचल्यावर काय झालें पाहा. वास्तुकलेची नवी भाषा सर्व देशांस सारखीच लागू पडते, ही त्या वर्गाची श्रद्धा. पेईचा आक्षेप होता कीं हवा, चालीरीति व इतिहास यांनीं देशोदेशींच्या इमारती भिन्न होणारच. आपलें म्हणणें सिद्ध करण्यास त्यानें १९४६ सालीं शांघायसाठीं चिनी कलेच्या संग्रहालयाची योजना काढली : साध्या भिंती, आणि त्यांच्या पोटांत बागा. ग्रोपियसनें आपल्याच मताविरुद्ध काढलेल्या त्या योजनेची मनापासून वाखाणणी केली. पुढें २००६ सालीं सूचौ येथें पेईचें संग्रहालय उघडलें, त्यांत पांढऱ्या भिंती व पाण्याकाठची बाग पाहतांना त्या विद्यार्थिदशेंतील योजनेचें स्मरण होतें. त्याच वर्गांतून बाहेर पडलेल्या पॉल रुडॉल्फनें येल येथें १९६३ सालीं खरखरीत काँक्रीटची जी प्रचंड इमारत उभी केली, तिच्यांत गुरूच्या चेहऱ्याची खूण शोधूनही सापडावयाची नाहीं.

आतां आपल्याकडील उदाहरण. कोंकणांतील आचरें येथें १९१६ सालीं जन्मलेले अच्युत कानविंदे हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. तेथें क्लॉड बॅटली हे जुन्या भारतीय इमारतींचीं मापें घेऊन त्यांचे नकाशे काढावयास शिकवीत. अशा तालमींतील तरुणाच्या शैलीस ‘मानवेल’ असें हार्वर्ड कोणास वाटलें असतें? परंतु १९४५ सालीं सरकारनें त्यांस तिकडे पाठविलें, आणि १९४७ सालीं ते परत आले. अहमदाबादेस कापड-संशोधनसंस्थेसाठीं त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत बांधलेली ‘अटिरा’ची इमारत पाहिली, तर विद्यार्थी गुरूच्या अक्षरांत कित्ता गिरवीत आहे असेंच वाटतें : सपाट छपरें, सरळ रेषा, कसलाही अलंकार नाहीं. कोणी म्हणेल, शिष्य गिळला गेला. आम्हीही एके काळीं तसेंच म्हणत असूं.

पण कानपूरच्या तंत्रविद्यालयांत, १९६० च्या सुमारास, उघडें काँक्रीट व वीट आली. उन्हांतून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं सांवलीच्या वाटा आल्या. आणि १९७० नंतर मेहसाण्याची दूधसागर डेअरी. आंत यंत्रांची धग कोंडते, ती वर निघून जावी म्हणून छपरांतून उंच धुराडींसारखे वायुमार्ग काढलेले; त्यांची रांगच इमारतीचें रूप झाली आहे. ‘अटिरा’च्या सपाट पेटीशीं या रूपाचें कांहींही नातें दिसत नाहीं. मात्र येथें काय काम चालणार आणि त्यास काय लागतें, हा ग्रोपियसच्या वर्गांतील पहिला प्रश्न तेथें विचारलेला आहे, आणि त्याचें उत्तर गुजराथच्या उन्हाळ्यास साजेसें आहे.