कामगार-पुढाऱ्यांची दप्तरे

आम्ही ज्या सांडोर गावी राहतो, तेथून वसईचा किल्ला फार दूर नाही. या किल्ल्याच्या मोहिमेची, म्हणजे 1737 ते 1739 या काळाची, हकीकत इतिहासकार आज बारीकसारीक तपशिलासह सांगू शकतात. याचे कारण चिमाजी अप्पांचा पराक्रम हे जितके, तितकेच त्यांच्या छावणीतून लिहिली गेलेली पत्रे जपली गेली हेही होय. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद 45 भागांत छापून काढले. राजवाडे तर गावोगावी हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवीत बसले. जुन्या कागदाविषयी एवढी आस्था बाळगणाऱ्या महाराष्ट्राने गेल्या दीडशे वर्षांत आपल्याच भूमीवर उभ्या राहिलेल्या कामगार-चळवळीच्या कागदांची काय व्यवस्था लावली, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर देताना आपली थोडी अडचण होते.

वसईच्या त्याच मोहिमेत जे ठाणे प्रथम मराठ्यांच्या हाती आले, त्या ठाण्यात 1848 साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. हिंदुस्थानातील कामगार-चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते यथार्थच आहे. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळ येथे गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्यांचा अर्ज सुमारे 5,500 सह्यांनिशी सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. पुढे 1890 साली रविवारची सुटी पदरात पडली, व आज ती उपभोगताना कोणासही लोखंड्यांचे स्मरण होत नाही. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला.

परंतु या पुरुषाचे दप्तर कोठे आहे? सभासदांचे पुस्तक, जमाखर्चाची वही, सभांची टिपणे, यांपैकी काही हाती लागत नाही. त्यांनी चालविलेल्या ‘दीनबंधू’ पत्रातून आणि सरकारी कमिशनांच्या अहवालांतून जे गवसते तेवढ्यावर चरित्रकारास निर्वाह करावा लागतो. मौज अशी की, या संस्थेस सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, सबब ही संघटित संस्थाच नव्हे, असा अभिप्राय 1892 सालच्या एका सरकारी अहवालाने देऊन टाकला. हजारो माणसे सभेस जमतात, सुटी मिळविण्याइतके बळ दाखवितात. तरी वही नाही म्हणून संस्था नाही! हा अभिप्राय सर्वस्वी खोटा होता असेही आम्हांस म्हणवत नाही. पण ज्यांस अक्षरओळख होऊ दिली गेली नव्हती, त्यांच्याकडून रजिस्टराची अपेक्षा करणे यात एक प्रकारचा निष्ठुरपणा आहे.

ही गोष्ट पुढच्या पिढीतील पुढाऱ्यांनी पुरती ओळखली. पहिल्या महायुद्धाच्या तहानुसार आंतरराष्ट्रीय मजूर परिषद स्थापन झाली, आणि तीत कामगारांचा प्रतिनिधी देशातील प्रातिनिधिक संस्थांच्या संमतीने निवडावा, असे ठरले. 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेस नारायण मल्हार जोशी गेले ते सरकारच्या नेमणुकीने. कारण संमती विचारावी अशी अखिल देशाची संस्थाच अस्तित्वात नव्हती. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक ठळक कारण होय. पुढे 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने तर नोंदणी, सभासदांची यादी व तपासलेला वार्षिक हिशेब हे सारे नोंदलेल्या संघास आवश्यक केले. लोखंड्यांच्या काळी जे नव्हते म्हणून दोष मिळाला, ते आता कायद्याने लिहून घेतले जाऊ लागले.

जोश्यांचा पिंड या कामास मोठा अनुकूल होता. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा हा गृहस्थ भारत सेवक समाजाचा सभासद, सोशल सर्व्हिस लीगचा संस्थापक. वक्तृत्वाने सभा हलवून सोडणारा नव्हे. प्रत्येक पत्रास उत्तर देणारा आणि उत्तराची प्रत ठेवणारा हा पुढारी होता, असे त्यांचा संग्रह पाहिल्यावर म्हणावे लागते. हा संग्रह दिल्लीस तीनमूर्ती येथील ग्रंथालयात आहे. पूर्वी त्यास नेहरूंचे नाव होते, 2023 पासून ते पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. ट्रेड युनियन काँग्रेसचे कागदही तेथेच आहेत. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास दिल्लीची वाट धरावी लागते. याचा विषाद मानावा, की कोठे तरी ते सुरक्षित आहेत याचे समाधान, हे ज्याने त्याने ठरवावे.

सगळ्यांनाच असा स्वभाव लाभला नाही, व लाभला असता तरी उपयोग नव्हता. कारण जहाल पक्षाच्या पुढाऱ्यांचे कागद जपण्याचे काम त्यांच्या वैऱ्यांनी केले! 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी-कामगार उतरले. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी, 20 मार्च 1929 रोजी, डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर आदी पुढाऱ्यांस पकडून मीरत येथे त्यांच्यावर राजद्रोहाच्या कटाचा खटला भरला गेला. झडत्यांत पत्रे, पत्रके, वह्या, जे सापडले ते पोलिसांनी उचलले, त्यावर क्रमांक घातले आणि न्यायालयापुढे मांडले. एरवी यातील किती चिठोऱ्या चाळीच्या चुलीत गेल्या असत्या! शिवाय आरोपींस आपापले निवेदन करावे लागले, आणि त्यांत युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे व कासले यांच्यासारखे खरेखुरे गिरणी-कामगारही होते. मजुराने तोंड उघडले आणि ते शब्दशः लिहून घेतले गेले, हा योग आला तो आरोपीच्या पिंजऱ्यात.

वैऱ्याने राखलेल्या दप्तराचा दुसराही एक गुण आहे, आणि तो श्रीपाद अमृत डांगे यांच्या वाट्यास आला. 1924 च्या कानपूर खटल्यात ते तुरुंगात होते. त्या वेळी सुटकेच्या मोबदल्यात सरकारचे काम करण्याची तयारी दर्शविणारी त्यांची म्हणून काही पत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आढळली, असे मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने मार्च 1964 मध्ये प्रसिद्ध केले. डांगे त्या वेळी कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष आणि ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस होते. पत्रे बनावट आहेत, असे त्यांनी सांगितले. एप्रिलमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून 32 सभासद उठून गेले आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. मतभेद जुने व खोल होते. केवळ या पत्रांनी पक्ष फोडला असे म्हणणे इतिहासास सोडून होईल. परंतु 40 वर्षे बासनात पडलेला कागद एका हयात पुढाऱ्याच्या अंगावर असा धावून आल्याचे उदाहरण विरळाच.

पत्रे खरी की खोटी, हा निवाडा आम्ही देत नाही. मात्र अशा वेळी अभ्यासकाने काय पाहावे, हे सांगणे प्राप्त आहे. एकटे पत्र हाती धरून भागत नाही. ते ज्या फायलीत सापडले तिचा क्रम, आवक-क्रमांक, समासातील अधिकाऱ्यांचे शेरे, त्याच पत्राचा दुसऱ्या कचेरीच्या कागदांतील उल्लेख, हे सारे जुळवून पाहावे लागते. राजवाड्यांच्या परंपरेत शिकलेल्या मंडळींस यात नवीन काही नाही. 1964 च्या वादात मात्र ज्यास पत्रे खरी हवी होती त्यास ती खरी वाटली, ज्यास खोटी हवी होती त्यास खोटी.

राहता राहिली वही. लोखंड्यांस जी नडली, तीच पुढे शतकानंतर उलट्या बाजूने नडली. मुंबई प्रांताच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एका संघास प्रातिनिधिक मानण्याची पद्धत घातली, आणि ते ठरावयाचे सभासदांच्या नोंदीवरून. कापड-धंद्यात हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागून संपावर गेले, तेव्हा माणसे एकीकडे होती व रजिस्टर दुसरीकडे. आणि कायद्याच्या दृष्टीने बोलण्याचा अधिकार रजिस्टराचा होता. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या.

अलीकडे काही चांगली कामे झाली आहेत, ती नमूद केली पाहिजेत. नोएडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत 1998 पासून भारतीय श्रमाचे अभिलेखागार आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील शंभर माणसांच्या तोंडून त्यांची हकीकत लिहून घेतली व 2004 साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याहून कितीतरी आधी उषाताई डांगे व पार्वतीबाई भोर यांनी आपापल्या आठवणी मराठीतच सांगून ठेवल्या आहेत. संपकाळात गिरणीच्या दरवाजावर बायका कशा उभ्या राहिल्या, हे मीरतच्या क्रमांक घातलेल्या कागदांत शोधण्यापेक्षा या दोघींच्या पुस्तकांत शोधावे.