तिसरी लाइन
मोडेमच्या रॅकचा इतिहास, सातपुड्याच्या पायथ्यावरून

म्हसावद म्हटले की जळगावकडच्या माणसांना रेल्वे स्टेशन आठवते. माझे म्हसावद ते नव्हे. माझे गाव नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यात, तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन, केळी, पपई, ऊस. उत्तरेला सातपुड्याची भिंत. बाजारात अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी अशा चार बोली एकाच वेळी ऐकू येतात. रेल्वे गावात नाही. बाहेरचे जग आमच्याकडे आले ते एस. टी.ने आणि नंतर टेलिफोनच्या तारेने.

या लेखाचा विषय त्या तारेच्या टोकाला असणारी एक वस्तू आहे: मोडेम. तोही टेबलावर ठेवायचा सुटा मोडेम नव्हे. लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवलेले, एकाच वेळी अनेकांचे फोन उचलणारे मोडेम. आपल्याकडे इंटरनेटचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा पडद्यावर काय दिसले याचा. पडद्यामागच्या त्या रॅकबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. मी लिहितो आहे, कारण असा एक रॅक मी स्वतः बसवला होता आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा दोष बरेच दिवस माझ्या गावावर ठेवला गेला.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा ती नीट वाहून नेते. संगणकाचे शून्य आणि एक या पट्ट्यात बसतील अशा आवाजात बदलायचे आणि दुसऱ्या टोकाला त्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, हे मोडेमचे काम. जोडणी होताना ऐकू येणारी ती किंचाळी, घरघर आणि फसफस वाचकांना आठवत असेल. ते दोन यंत्रांचे आपसात ठरवणे असे: वेग किती धरायचा, तार किती खराब आहे, चुका कशा दुरुस्त करायच्या. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीचा मोडेम आला आणि त्याच्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा पुढे सगळ्याच कंपन्यांनी उचलल्या. वीस वर्षांनी शहाद्यात बसून मी त्याच आज्ञा टंकत होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही गोष्ट मुंबईत सुरू होते. १९८६ साली शैक्षणिक संस्थांना जोडणारा ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात सुरुवातीची ई-मेलची देवाणघेवाण झाली ती साध्या टेलिफोन लाइनवरून, मोडेमने. या कामातले डॉ. श्रीनिवासन रमाणी यांना २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. एका शहराच्या दोन उपनगरांमधली तार, हा आपल्या इंटरनेटचा पाळणा.

सर्वसामान्यांसाठीची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. ही तारीख आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. त्या दिवसानंतर काय झाले, हे मात्र कमी सांगितले जाते. लोक पैसे भरून बसले आणि फोन लागेना. मोडेम कमी, त्यांना जोडलेल्या लाइनी कमी, मागणीचा अंदाज चुकलेला. निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी चूक झाल्याचे जाहीरपणे कबूल केले आणि मग क्षमता वाढवण्याचे काम झाले. सरकारी सेवेच्या प्रमुखाने ‘आमचे चुकले’ म्हणावे, ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या सेवेची मोडेम होती महानगरांत. फोन जिथे उचलला जातो ते गाव तुमच्यापासून जितके दूर, तितके एसटीडीचे मीटर जोरात पळणार. त्यामुळे खेड्यातल्या माणसासाठी इंटरनेटची खरी तारीख १५ ऑगस्ट १९९५ ही नव्हती. त्याच्या हाकेच्या अंतरावर, म्हणजे स्थानिक कॉलच्या दरात, मोडेमचा रॅक जेव्हा बसला ती त्याची तारीख. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवेतून भारत संचार निगम निघाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक जोडण्या पोचू लागल्या. आमचा जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला होता. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या आणि तारा जुन्या.

आता माझा रॅक. २००१ सालची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी घरी बसलो होतो. तालुक्याच्या गावी एका संस्थेला आपल्या शाखांचे रोजचे हिशेब संध्याकाळी मुख्य कचेरीत मागवायचे होते. शाखांमध्ये म्हसावदही होते. आठ मोडेमचा रॅक, त्याला जोडलेला एक सर्व्हर आणि आठ टेलिफोन लाइनी असा बेत ठरला. काम मला मिळाले. बाबा म्हणाले, “गावनी इज्जत राख, भो.” एवढेच.

रॅकची रुंदी ठरलेली असते, एकोणीस इंच. टेलिफोन एक्स्चेंजपासून मोठ्या संगणक केंद्रापर्यंत जगभर तीच. उंची ‘यू’ या मापात मोजतात, एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच. आमचे आठ मोडेम एका पेटीत पुस्तकांसारखे उभे बसत. पाठीमागे प्रत्येकाला टेलिफोनची एक आणि सर्व्हरकडे जाणारी एक, अशा सोळा वायरी. त्यांना चिठ्ठ्या लावण्यातच माझा पहिला दिवस गेला. दुसरा दिवस अर्थिंगमध्ये. सातपुड्याच्या पायथ्याला मे-जूनमध्ये विजा पडतात त्या तारेवरून थेट आत येतात. चांगली अर्थिंग नसेल तर पहिल्याच वळवात अख्खी पेटी जळते. खड्डा खोदून त्यात मीठ-कोळसा घातला, तांब्याची पट्टी सोडली, पाणी ओतले.

मग मोडेमना ‘शिकवण्याचे’ काम. सर्व्हर आणि मोडेम यांच्यातला वेग पक्का ठेवायचा, सेकंदाला १,१५,२०० बिट. तारेवरचा वेग काहीही पडो. भरून आले तर ‘थांब’ म्हणण्याची व्यवस्था वायरीतूनच करायची. पलीकडचा फोन तुटला की मोडेमने सर्व्हरला ते कळवायचे आणि लाइन सोडायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, किती घंटींनंतर फोन उचलायचा. तो आकडा ‘एस-शून्य’ या खणात असतो. कारखान्यातून मोडेम येतो तेव्हा तिथे बहुधा शून्य असते, म्हणजे फोन उचलूच नको. मी एक केले: पहिल्याच घंटीला उचल. शेवटी एक आज्ञा देऊन हे सगळे मोडेमच्या कायमच्या स्मृतीत लिहायचे असते. ती दिली नाही तर वीज असेपर्यंत मोडेम शहाण्यासारखा वागतो आणि वीज गेली की सगळे विसरतो.

वेगाची अपेक्षा मी कमीच ठेवली होती. १९९८ मध्ये आलेली छप्पन्न हजारांची पद्धत चालायला रॅकच्या बाजूची जोडणी पूर्ण डिजिटल लागते. मोठ्या केंद्रांत एका जाड डिजिटल जोडणीवर तीस आवाज-मार्ग येतात आणि मोडेम थेट त्यांवर बसतात. आमच्याकडे दोन्ही टोकांना साधी तांब्याची तार. तिथे कमाल ३३.६ हजार, प्रत्यक्षात पावसाळ्यात १९ हजारही मिळाले तर आम्ही समाधानी. हिशेबाला तेवढे पुरे होते.

आठही लाइनींना शाखांनी मिळून एकच नंबर लावायचा असे. एक्स्चेंजमध्ये याला ‘हंटिंग’ म्हणतात: पहिली लाइन गुंतलेली असेल तर फोन दुसरीवर, ती गुंतलेली असेल तर तिसरीवर. महिनाभर सगळे ठीक चालले. मग म्हसावदचा फोन लागेनासा झाला.

रोज संध्याकाळी तेच. घंटी वाजत राही, कोणी उचलत नसे. इतर शाखांचे फोन लागत. मुख्य कचेरीत निष्कर्ष तयार होता: “म्हसावदची लाइन खराब. डोंगराकडचा भाग, दुसरे काय होणार!” मी सकाळी जाऊन तपासले, म्हसावदहून फोन लावला, पहिल्या फटक्यात लागला. लाइनमन खांबावर चढून उतरला. त्याला काही सापडले नाही. मलाही पटले की दोष तारेतच असावा. म्हसावदचा शिपाई रोज हिशेबाची फ्लॉपी खिशात घालून एस. टी.ने तालुक्याला येऊ लागला. मला पाहिले की विचारी, “लागना का भो तुना फोन?” मी हसून वेळ मारून नेई.

सात आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी सहज रॅकसमोर बसलो होतो. आधी दोन मोठ्या शाखांचे फोन आले. पहिला आणि दुसरा मोडेम गुंतले. म्हसावदची शाखा नेहमी त्यांच्यानंतर फोन लावी. तिसऱ्या मोडेमची घंटी वाजू लागली. दिवा लुकलुकत होता. मोडेम उचलत नव्हता. तेवढ्यात आणखी एका शाखेचा फोन आला. तिसरी लाइन म्हसावदच्या घंटीने अडलेली, म्हणून तो चौथ्यावर गेला आणि लागला.

तिसऱ्या मोडेमचा ‘एस-शून्य’ पाहिला. शून्य. सात मोडेममध्ये मी स्मृतीत लिहिण्याची आज्ञा दिली होती, तिसऱ्यात विसरलो होतो. मधे कधीतरी वीज जास्त वेळ गेली, बॅटरी उतरली आणि तो सगळे विसरला. सकाळी तपासताना मी पहिल्या लाइनवर जात होतो, म्हणून सगळे ठीक दिसे. म्हसावदची तार चांगली होती. दोष केंद्रात होता आणि तो माझा होता.

दोन आज्ञा टंकल्या, काम झाले. कचेरीत मी काय सांगितले? “लाइन दुरुस्त झाली.” हे वाक्य मला आजही टोचते. वहीत नोंद राहिली ती म्हसावदच्या लाइनमधल्या बिघाडाची. उद्या कोणी ती वही वाचून इतिहास लिहिला असता, तर त्यात माझे गावच दोषी ठरले असते. सिंगल यांनी देशासमोर जे केले ते मला चार माणसांसमोर जमले नाही.

मला वाटते, ही केवळ माझी गोष्ट नाही. जोडणीच्या इतिहासात केंद्रातला दोष टोकाला जाणवतो आणि तो टोकाच्याच नावावर मांडला जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्याचे उदाहरण घ्या. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि केंद्राचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी मिळून परिसरातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे असे दिसले की गावातल्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, तोडणी, खत आणि बिल यांच्या माहितीपुरता होतो. तेवढे काम साध्या मोबाइलवरच्या संदेशांतूनही भागते, हे मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी २००६-०७च्या सुमारास तिथेच करून दाखवले. शेतकऱ्याला तंत्र कळत नव्हते असे नव्हे. त्याला काय हवे हे आधी विचारले गेले नव्हते. तरीही ‘खेड्यातले लोक संगणक वापरत नाहीत’ हे वाक्य किती सहज बोलले गेले!

आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज रेशनच्या दुकानात अंगठा लावला की तो दूरवरच्या एखाद्या रॅककडे विचारणा करतो. उत्तर आले नाही तर दुकानदार म्हणतो, “तुमचा अंगठा लागत नाही.” अंगठ्याच्या पलीकडे किती लाइनी, किती यंत्रे आणि किती विसरलेल्या आज्ञा आहेत, हे रांगेतल्या बाईला कोण सांगणार? २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची आहे. ते काम मोलाचे आहे. पण गावात पेटी बसली ही एक नोंद झाली. त्या पेटीला पलीकडून कोणी उत्तर देते का, ही दुसरी नोंद आहे, आणि ती संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, टोकाच्या गावातून फोन लावूनच करावी लागते.

ती संस्था पुढे नव्या जोडणीवर गेली. रॅक भंगारात गेला तेव्हा मी तिसरा मोडेम मागून घेतला. तो घरी, म्हसावदला, कपाटात आहे. शिपाईभाऊ निवृत्त होऊन बाजारपेठेत बसतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना सगळे सांगितले: तार चांगली होती, चूक माझी होती, सात आठवडे तुम्ही माझ्यामुळे एस. टी.चे धक्के खाल्ले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी तं तव्हाच सांगे, आपली लाइन चांगली शे. कोनी ऐकेच ना.”

ही नोंद त्यांच्यासाठी. २००१ सालच्या पावसाळ्यात म्हसावदची लाइन चांगली होती.