तीन रोग आणि एक औषध

सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यास प्लेगाने निवर्तल्या, आणि मुंढव्याहून आणलेल्या एका प्लेगग्रस्त मुलाची शुश्रूषा करीत असता त्यांना ती बाधा झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या मुलास किंवा त्यांना देता येईल असे गुणकारी औषध त्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते, ही गोष्ट क्वचितच ध्यानी घेतली जाते. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन साहेबांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईस सिद्ध केलेली लस रोग होण्यापूर्वी टोचावयाची होती. एकदा काखेत वा जांघेत गाठ उठली, की तिचा काही उपयोग नसे. सरकारी अंमलदारांपाशी विलगीकरणाच्या छावण्या होत्या, रयतेपाशी गाव सोडून रानात झोपड्या टाकण्याचे शहाणपण होते, आणि मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा होता, जेथे गानसेवा केल्याने गायक अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगातून उठले, अशी आख्यायिका अद्याप सांगतात. मला त्या आख्यायिकेची थट्टा करावीशी वाटत नाही. त्या काळी दवाखान्यात तरी याहून अधिक काय मिळत होते?

दवाखाना मिरजेत होता, आणि तोही साधासुधा नव्हे. विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेस रुग्णालय उभे केले; पुढे तीन वर्षांनी तेथेच वैद्यकीय शाळा काढली, आणि पटवर्धनांच्या त्या लहानशा संस्थानाचे नाव शस्त्रक्रियेसाठी दूरदूरच्या मुलुखांत दुमदुमू लागले. त्या शस्त्रवैद्याचा हात कितीही सिद्ध असला, तरी जखमेत पू धरला किंवा रक्तात जंतू उतरले, की त्याचे शास्त्र तेथेच थांबे. हत्यारे उकळणे, हात धुणे, आणि मग रुग्णाच्या अंगच्या ताकदीवर हवाला ठेवणे, एवढेच त्याच्या हाती उरे. वॉन्लेस मार्च १९३३ मध्ये वारले. जर्मनीतील डोमाक याने पहिल्या सल्फा औषधाचा वृत्तांत प्रसिद्ध केला तो फेब्रुवारी १९३५ मध्ये. दोन वर्षांची ही चुकामूक मला नेहमी चटका लावून जाते.

क्षयाची कथा याहून संथ. पाचगणीस, सुमारे ४,२०० फूट उंचीवर, डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मिरज व सांगली यांच्या दरम्यान वॉन्लेसवाडीचे क्षयरुग्णालय उभे राहिले. तेथील उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध, अंडी, व्हरांड्यात महिनोन्‌महिने निजून राहणे, आणि काहींच्या बाबतीत बरगड्यांमधून सुई घालून, छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटविणे. या सर्वांत औषध असे नव्हतेच. ज्याच्या घरी शेतीवाडी वा पेन्शन होती तो वर्ष-दीड वर्ष तेथे काढू शके. इतरांनी घरीच खोकावे, अशी रीत होती.

अशा स्थितीत दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आले, आणि त्याची कीर्ती अशी पसरली की सर्व रोगांवर तेच चालेल असा लोकांचा समज झाला. वस्तुस्थिती अशी, की वर सांगितलेल्या प्लेग व क्षय या दोन्ही रोगांवर ते निरुपयोगी होते. पेनिसिलिन जंतूच्या बाह्य भित्तिकेची घडण बिघडविते. घशातील वा जखमेतील कित्येक जंतू त्याने नष्ट होतात, पण क्षयाच्या जंतूचे मेणचट कवच आणि प्लेगाच्या जंतूचे दुहेरी आवरण यांपुढे त्याची मात्रा चालत नाही. अमेरिकेत वाक्समनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ याने १९४३ साली मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले; ते जंतूच्या आत शिरून त्याचे प्रथिने बनविण्याचे कामच बंद पाडते, म्हणून क्षय आणि प्लेग या दोघांनाही ते लागू पडले.

परंतु खरा धडा पुढे आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या प्रसिद्ध चाचणीत ५५ क्षयरोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन दिले गेले व ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. पाच वर्षांनी हिशेब घेतला, तेव्हा मृतांची संख्या अनुक्रमे ३२ आणि ३५ होती. जंतू औषधाला सरावले होते. म्हणून त्यास पॅस नावाचे औषध आणि १९५२ नंतर आयसोनियाझिड यांची जोड देणे आवश्यक ठरले, आणि मद्रासच्या चाचणीने १९५९ साली दाखवून दिले, की ही औषधे नियमाने घेतली तर घरी राहणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. पाचगणीच्या हवेची प्रतिष्ठा तेथेच उतरणीस लागली.

पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५५ मध्ये पेनिसिलिन आणि साठीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन काढू लागल्यावर ही औषधे गावोगावच्या दवाखान्यांत स्वस्त झाली, आणि निवडीची शिस्त नेमकी तेव्हाच ढिली पडली. सुई टोचली नाही तर तो डॉक्टर कसला, ही आपल्याकडची समजूत. तिला अनुसरून पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र केलेली सुई साध्या तापाला, सर्दीला, कशालाही दिली जाई. त्या तापकऱ्यांत एखादा न ओळखलेला क्षयरोगी असला, तर त्याच्या जंतूंना सरावण्याची आयतीच तालीम मिळे. विषमज्वराच्या क्लोरँफेनिकॉलचे असेच झाले. त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची साथ १९७२ साली केरळात उद्भवली. योग्य औषध ठरविण्याचा मार्ग खर्चिक असला तरी गुंतागुंतीचा नाही: लघवीचा किंवा रक्ताचा नमुना घ्यावा, त्यातील जंतू काचेच्या ताटलीत वाढवावे, त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवाव्या, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या टिकलीभोवती जंतूविरहित स्वच्छ वर्तुळ पडले ते मोजावे. घसा बहुधा विषाणूंमुळे दुखतो, तेव्हा त्याला यातील एकही औषध लागत नाही. पण कोरड्या हाताने घरी परतणे रोग्याच्या जिवावर येते.

स्ट्रेप्टोमायसिन ज्यावर वापरले गेले तो तिसरा रोग माणसाचा नाही. पूर्वी औंध संस्थानात असलेले आटपाडी, आणि माण व खटावचा दुष्काळी पट्टा, येथे डाळिंब वाढले तसा त्यावरील तेल्या हा जंतुजन्य रोगही आला. पानावर व फळावर तेलकट काळपट डाग पडतात, मग साल तडकते आणि फळ बाजारातून बाद होते. उपाय म्हणून स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची, पिंपरीचीच, सहा ग्रॅमची पुडी पंपात विरघळवून बागेवर फवारली जाऊ लागली. तेल्या पुरता हटला नाही. मात्र ज्या जातीच्या औषधांवर माणसे अवलंबून, तीच मातीत उतरली. बाग पिळवटून गेलेल्या शेतकऱ्याला यात दोष देणे मला पटत नाही; दुकानदाराने आणि सल्लागाराने जे हाती दिले ते त्याने फवारले. केंद्र सरकारने शेतीतील या मिश्रणावर बंदी घालण्याच्या हुकुमाचा मसुदा २०२१ च्या डिसेंबरात काढला. तो किमान दहा वर्षे आधी निघावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.